आपली पत

(कर्ज मागायला आलेल्या माणसाला बँक कशी पारखते? एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज केले तर काय होते? आपली पत आपण कशी पाहावी आणि कशी जपावी? या प्रश्नांची उत्तरे या पाठात सोप्या भाषेत दिली आहेत.)

समजा, तुमच्या मोठ्या भावाला वाशिमच्या पाटणी चौकात मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढायचे आहे. काम त्याच्या हातात आहे. भाड्याची जागाही मिळाली आहे. आता फक्त दीड लाख रुपये हवेत.

सोमवारी तो एका बँकेत अर्ज देतो. तेथील साहेब म्हणतात, ‘‘पुढच्या सोमवारी या.’’ भावाला धीर धरवत नाही. मंगळवारी तो दुसऱ्या बँकेत जातो. बुधवारी एका फायनान्स कंपनीत जातो. रात्री मोबाइलवर ‘पाच मिनिटांत कर्ज’ अशी जाहिरात दिसते. तेथेही तो आपली सगळी माहिती भरून टाकतो. शुक्रवारी एक मित्र एका दलालाशी ओळख करून देतो. दलाल कागदपत्रे घेतो आणि आणखी दोन ठिकाणी पाठवतो. भावाला वाटते, सहा दारे ठोठावली आहेत. एक तरी उघडेलच.

ठरल्या दिवशी तो पहिल्या बँकेत जातो. साहेब त्याची फाईल काढतात, संगणकाच्या पडद्याकडे पाहतात आणि विचारतात, ‘‘एका आठवड्यात सहा ठिकाणी अर्ज? एवढी कसली निकड आहे?’’ भाऊ गप्प राहतो. त्याचा अर्ज मंजूर होत नाही.

भावाने चोरी केली नाही. कोणाचे पैसे बुडवले नाहीत. मग त्याचे चुकले कुठे? आणि सहा ठिकाणची गोष्ट या साहेबांना कळली तरी कशी?

हे समजण्यासाठी आधी एक छोटा शब्द समजून घेऊ. तो शब्द म्हणजे ‘पत’. उर्दूत आपण ज्याला ‘साख’ म्हणतो, तीच मराठीत पत. हा माणूस घेतलेले पैसे वेळेवर परत करील, असा लोकांना वाटणारा भरवसा म्हणजे त्याची पत. पतसंस्था, पतपेढी, पतपुरवठा हे सगळे शब्द या एका शब्दापासून झाले आहेत. या विषयातले इतर मराठी शब्द तर तुम्हाला मुळीच परके नाहीत. कर्ज, रक्कम, मुदत, हप्ता, जामीन, वसूल, बाकी, दस्तऐवज हे शब्द तुम्ही घरीही ऐकता. अरबी आणि फारसीतून ते उर्दूत आले, तसेच मराठीतही आले. देण्याघेण्याची भाषा दोघींची एकच आहे.

पूर्वी गावात पत कशी ओळखत? सावकार माणसाला नावाने ओळखत असे. याच्या वडिलांनी कर्ज फेडले होते का, याची शेती किती, याने आणखी कोणाकडून उचल घेतली आहे का, हे सारे त्याला ठाऊक असे. जे ठाऊक नसे ते तो शेजाऱ्यांना विचारी. एखादा माणूस एकाच दिवशी गावातल्या चार सावकारांच्या ओसरीवर गेला, तर ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होई. मग प्रत्येक सावकार मनात म्हणे, ‘याला एवढे पैसे कशाला हवेत? बाकीच्यांनी का दिले नाहीत?’

सावकाराचे व्याज भारी असे. ते शेतकऱ्याला पेलत नसे. म्हणून १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि पुढे गावोगावी सोसायट्या उभ्या राहिल्या. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. पण अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आजही दोन्ही जिल्ह्यांत काम करते. तुमच्या गावातील सेवा सहकारी सोसायटीतून शेतकऱ्यांना पीककर्ज मिळते. दुसऱ्या बँकेचे कर्ज हवे असेल तर शेतकरी आधी सोसायटीतून आणि इतर बँकांतून ‘बेबाकी दाखला’ आणतो. ‘बे’ म्हणजे नाही आणि ‘बाकी’ म्हणजे उरलेले देणे. ‘या माणसाकडे आमचे काही देणे नाही,’ असे सांगणारा तो कागद. पत पारखण्याची ही कागदी रीत झाली.

परंतु आज बँका मोठ्या झाल्या आहेत. कारंज्याचा माणूस पुण्यात नोकरी करतो आणि तेथे कर्ज मागतो. तेथील बँकेने त्याला पूर्वी कधी पाहिलेले नसते. ती शेजाऱ्यांना विचारायला कारंज्याला येऊ शकत नाही. म्हणून सगळ्यांच्या कर्जाची माहिती एका ठिकाणी जमा करणाऱ्या कंपन्या निघाल्या. आपल्या देशात अशी पहिली कंपनी २००० साली स्थापन झाली. तिचे नाव सिबिल. २००५ साली संसदेने या कामासाठी खास कायदा केला. आज भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. तरीही लोकांच्या तोंडी सिबिलचेच नाव बसले आहे. ‘त्याचा सिबिल खराब आहे,’ असे तुम्ही कधीतरी ऐकले असेल.

प्रत्येक बँक आणि फायनान्स कंपनी आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना कळवते. कर्ज किती घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, किती बाकी आहे, हे सारे त्यात असते. त्यावरून प्रत्येक माणसाचा एक अहवाल तयार होतो आणि त्याला गुण दिले जातात. हे गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात. त्यांनाच ‘स्कोअर’ म्हणतात. साधारणपणे ७५० च्या पुढचा स्कोअर चांगला समजला जातो.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तुम्ही कर्जासाठी अर्ज करता, तेव्हा बँक तुमचा अहवाल मागवते. ती तसा मागवते, हीच एक ‘चौकशी’ होते. आणि प्रत्येक चौकशीची त्याच अहवालात नोंद होते. चौकशी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या प्रकारच्या कर्जासाठी झाली, किती रकमेसाठी झाली, हे तेथे लिहिले जाते. भावाने सहा ठिकाणी अर्ज दिले. त्यामुळे अहवालात सहा नोंदी झाल्या. साहेबांना त्या एका पडद्यावर दिसल्या. पूर्वी जी बातमी गावात संध्याकाळपर्यंत पसरत असे, ती आता संगणकात साठून राहते.

तुम्ही म्हणाल, अर्ज करणे हा काही गुन्हा नाही. अगदी खरे. पण क्षणभर साहेबांच्या खुर्चीवर बसून पाहा. चौकशीच्या नोंदीत अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हे लिहिलेले नसते. नवे कर्ज दिल्यावर त्याची माहिती अहवालात यायलाही काही दिवस लागतात. पूर्वी बँका ही माहिती महिन्यातून एकदा कळवत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले. म्हणजे मधल्या दिवसांत साहेब अंधारातच असतात. सहापैकी किती ठिकाणी कर्ज मिळाले? एकही नाही, की सहाही? सहाही मिळाली असतील तर दीड लाखाचे नऊ लाख होतात. एका छोट्या दुकानातून नऊ लाखांचे हप्ते निघतील का? ही शंका आली की साहेबांचा हात आखडतो.

यात आणखी एक धोका आहे. पहिल्या बँकेने नाही म्हटले की माणूस घाबरतो आणि लगेच दुसरीकडे अर्ज करतो. त्याची आणखी एक नोंद होते. ती पाहून तिसरी बँक कचरते. मग तो चौथीकडे धावतो. चिखलात रुतलेली गाडी जोराने पुढे दामटली तर चाक आणखी खोल जाते, तसेच हे होते. शेवटी जो कोणी काही न विचारता पैसे देतो, त्याच्याकडे माणूस जातो. आणि तेथे व्याज सर्वांत जास्त असते.

मात्र चौकशीचा बाऊही करू नये. स्कोअर ठरवताना सर्वांत अधिक वजन हप्ते वेळेवर भरण्याला असते. त्याशिवाय एकूण देणे किती आहे आणि कर्जाचा व्यवहार किती जुना आहे, हेही पाहतात. चौकशीचे वजन त्यामानाने थोडे असते. एखाद्या चौकशीने गुण थोडेसे घटतात आणि हप्ते नीट भरत गेल्यास काही महिन्यांत सावरतात. अमेरिकेत फायको नावाच्या कंपनीने १९८९ साली असे गुण देण्यास सुरुवात केली. तेथे एका चौकशीने बहुतेक लोकांचे पाचांहूनही कमी गुण जातात. घरासाठी किंवा मोटारीसाठी थोड्या दिवसांत चार ठिकाणी चौकशी झाली, तर गुण देताना ती एकच धरतात. कारण माणूस स्वस्त व्याज शोधत आहे, हे त्यांना कळते. आपल्या अहवालात मात्र प्रत्येक चौकशी वेगळी दिसते. म्हणून आपण अधिक जपून पावले टाकावीत, हे बरे.

आता एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवा. बँकेने तुमचा अहवाल मागवणे वेगळे आणि तुम्ही स्वतःचा अहवाल पाहणे वेगळे. स्वतः पाहिल्याने एकही गुण कमी होत नाही. आरशात पाहिल्याने चेहरा बिघडतो का? नाही ना? तसेच हे आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा नियम आहे. कंपन्या चार आहेत. म्हणजे दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा अहवाल मागवला, तर एक पैसाही न देता वर्षभर आपल्या पतीवर लक्ष ठेवता येते.

मग भावाने काय करायला हवे होते? सर्वांत आधी स्वतःचा अहवाल पाहायला हवा होता. दुसरे, बँकांत जाऊन नुसती विचारपूस करायला हवी होती. व्याज किती, मुदत किती, कागद कोणते लागतात, हे विचारायला सही लागत नाही आणि त्याची नोंदही होत नाही. नोंद होते ती आपण अर्जावर सही करून बँकेला अहवाल पाहण्याची परवानगी देतो तेव्हा. मोबाइलवर ‘मला मान्य आहे’ या चौकटीत बोट लावणे ही सुद्धा सहीच असते. तिसरे, चार ठिकाणच्या माहितीची तुलना करून जेथे कर्ज मिळण्याचा संभव अधिक, तेथे एकच अर्ज द्यायला हवा होता आणि उत्तराची वाट पाहायला हवी होती. चौथे, दलालाच्या किंवा गाडी विकणाऱ्याच्या हाती कागद देताना ‘हे कोठे कोठे पाठवणार?’ असे आधीच विचारायला हवे. एका सहीवर अर्ज तीन ठिकाणी जाऊ शकतो.

आधार कार्ड आणि पॅन कार्ड यांची झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली, हे तिच्यावर लिहावे, तारीख घालावी आणि मग सही करावी. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. आपण कधी पायरीही चढलो नाही अशा कंपनीची चौकशी आपल्या अहवालात दिसली, तर सावध व्हावे. कोणीतरी आपल्या नावावर कर्ज काढू पाहत असेल. बँकेने आपला अहवाल पाहिला की आपल्याला मोबाइलवर किंवा ई-मेलवर संदेश मिळावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. म्हणून बँकेत आपला चालू मोबाइल क्रमांकच लिहून द्यावा.

अहवालात चूक असेल तर तक्रार करता येते. तीस दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाबद्दल तक्रार करणाऱ्याला शंभर रुपये भरपाई मिळावी, असाही नियम आहे. ज्या बँकेकडे आपण अर्ज केला, तिने आपला जो अहवाल मागवला असेल त्याची प्रत तिच्याकडून मागण्याचा हक्क २००५ च्या कायद्याने आपल्याला दिला आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. जून महिना आला की सोयाबीन आणि तूर पेरायची घाई होते. बी-बियाणे आणि खत यांसाठी पैसा तेव्हाच हवा असतो. त्याच दिवसांत बँकांत गर्दी असते. पाऊस दगा देतो, शेंगा भरत नाहीत आणि हप्ता चुकतो. शेतकऱ्याची नियत खोटी नसते. पण आकड्याला पाऊस दिसत नाही. त्याला फक्त चुकलेली तारीख दिसते. म्हणूनच मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, पीककर्ज देताना शेतकऱ्यांना सिबिलची अट घालू नका, असे बँकांना बजावले. २०१७ आणि २०१९ साली राज्य सरकारने शेतकऱ्यांसाठी कर्जमाफीच्या योजना आणल्या होत्या. तुमच्या घरी किंवा शेजारी अशा योजनेत कर्ज माफ झाले असेल, तर त्यांचा बेबाकी दाखला नीट ठेवलेला आहे का, आणि अहवालात ते कर्ज अजून ‘बाकी’ म्हणून दिसत नाही ना, हे पाहायला त्यांना मदत करा. अब्बांना संगणकावरचा अहवाल वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवू शकता.

तुम्ही अजून अठरा वर्षांचे झालेला नाहीत. त्यामुळे तुमच्या एकट्याच्या नावावर कोणी कर्ज देणार नाही. परंतु तो दिवस फार दूर नाही. बारावीनंतर कोणाला नर्सिंग करायचे असेल, कोणाला फार्मसी, कोणाला इंजिनिअरिंग. फीची तारीख जवळ आली की घरात धावपळ सुरू होते. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. म्हणून त्यांची पतही पाहिली जाते. अशा वेळी घाबरून पाच बँकांत अर्ज देऊ नका. निकाल लागण्यापूर्वीच माहिती गोळा करा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळासारख्या संस्थाही शैक्षणिक कर्ज देतात. त्यांचीही माहिती घ्या. ‘आपण पूर्वी कधी कर्ज घेतले नाही, मग आपला स्कोअरच नाही,’ म्हणून खचून जाऊ नका. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही एवढ्याच कारणाने नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही तेच सांगितले.

आणि तुमच्या भावाचे काय? त्याच्या दुकानाचे स्वप्न संपलेले नाही. त्याने आता काही महिने नवा अर्ज करू नये. या काळात जमेल तेवढी शिल्लक टाकावी. दीड लाखांऐवजी आधी एक टेबल, थोडी हत्यारे आणि पन्नास हजारांत सुरुवात होते का, याचा हिशेब करावा. मग स्वतःचा अहवाल पाहून, विचारपूस करून, एकाच ठिकाणी अर्ज द्यावा. या वेळी साहेबांच्या पडद्यावर घाईची नाही, तर विचाराची खूण दिसेल.

स्कोअर हा काही माणसाच्या चांगुलपणाचा दाखला नव्हे. कमी गुणांचा माणूस प्रामाणिक असू शकतो. परंतु जे साहेब आपल्याला ओळखत नाहीत, त्यांच्यापुढे आपल्या वतीने तोच आकडा बोलत असतो. तो काय बोलेल, हे बरेचसे आपल्याच हाती असते. घेतलेला शब्द वेळेवर पाळावा, गरज असेल तेवढेच मागावे आणि मागण्याआधी नीट विचारावे. पत मिळवायला वर्षे लागतात. ती गमवायला एक उतावीळ आठवडा पुरतो.

शब्दार्थ

पत – साख, देण्याघेण्यातील भरवसा
पारखणे – तपासून ओळखणे
निकड – तातडीची गरज
उचल – आगाऊ घेतलेली रक्कम
ओसरी – घरापुढची छपराची जागा
पंधरवडा – पंधरा दिवसांचा काळ
कचरणे – मागेपुढे पाहणे
नियत – मनातील हेतू
उतावीळ – घाई करणारा, धीर नसलेला

वाक्प्रचार

धीर न धरवणे – वाट पाहणे शक्य न होणे
हात आखडणे – देताना मागे सरणे
बाऊ करणे – लहान गोष्टीची मोठी भीती घालणे
दगा देणे – ऐन वेळी फसवणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्कोअर किती ते किती गुणांच्या दरम्यान असतो?
(आ) ‘बेबाकी दाखला’ म्हणजे काय?
(इ) स्वतःचा अहवाल पाहिल्याने किती गुण कमी होतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) एका आठवड्यातील सहा चौकशा पाहून साहेबांना कोणती शंका आली?
(आ) भावाने कर्ज मागण्यापूर्वी काय करायला हवे होते?
(इ) ‘आकड्याला पाऊस दिसत नाही,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

३. वाक्यांत उपयोग करा.
धीर न धरवणे, हात आखडणे, बाऊ करणे, दगा देणे.

४. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले देण्याघेण्याचे शब्द पाठातून शोधून लिहा. त्यांत तुम्हाला माहीत असलेल्या आणखी पाच शब्दांची भर घाला.

५. तुमच्या गावातील सोसायटीत किंवा बँकेत मोठ्या माणसांबरोबर जा. पीककर्जासाठी कोणती कागदपत्रे लागतात ते विचारा आणि त्यांची यादी वर्गात वाचून दाखवा.